भिंतीवरचा नंबर

३ मार्च, मंगळवार

मिळालं काम! सहा भिंती. फुकट रंगवून देते म्हणाले, तर नर्सबाईंनी माझे दोन्ही हात धरले — "तुझ्यासारखी माणसं हवीत गं आम्हाला." वेडी बाई! (वेडा-वेडी हे शब्द समितीत वापरायचे नाहीत, असं पुढच्याच वाक्यात बजावलं त्यांनी. बरं. इथे तरी वापरते.)

वाचनालयामागच्या खोलीत यांचा एक फोन आहे. चार जण पाळीपाळीनं बसतात. ज्यांना जीव नकोसा झालाय त्यांनी फोन करायचा, यांनी ऐकायचं. नर्सबाई हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या आणि त्यांनी हे उभं केलं. आता गावभर भिंतींवर मजकूर हवाय — "बोला. कुणीतरी ऐकतंय." खाली नंबर, हातभर उंचीचा.

कुणीतरी ऐकतंय म्हणे! माझ्या धाकट्या भावाचं कुणी ऐकलं ते सांगा आधी.

मला सहा भिंतींशी देणंघेणं नाही. मला सहावी हवी. कारखान्याच्या गेटासमोरच्या बसथांब्यामागची.

४ मार्च

लिहूनच ठेवते, म्हणजे पुढे माघार घ्यायला नको.

धाकटा कारखान्यात वायरमन होता. आठ महिने गोळ्या चालू होत्या, मनाच्या. डॉक्टर दर दुसऱ्या गुरुवारी बोलवायचा. अर्धा दिवस सुट्टी लागायची. म्हणून त्यानं सुपरवायझरला खरं कारण सांगितलं. विश्वासानं सांगितलं, दार लावून. त्याच दुपारी त्या माणसानं कँटीनमध्ये ताटावर चमचा वाजवून जाहीर केलं — "ऐका रे! आपल्या वायरमनचाच फ्यूज उडालाय!"

झालं. तेव्हापासून त्याचं नाव फ्यूज. लॉकरवर जळका फ्यूज चिकटवलेला. शिडीवर चढला की खालून — "ए फ्यूज, झटका बसला तर सुधारशील!"

येत्या बावीस एप्रिलला वर्ष होईल. त्यानं जीव दिला. आई सगळ्यांना हार्ट सांगते. मी इथे तरी हार्ट लिहिणार नाही.

चौथ्या दिवशी वहिनीनं त्याचा फोन माझ्या हातात दिला होता. त्या दिवशीचे कॉल — "साहेब", एक वाजून दहा मिनिटं. "साहेब", एक चौदा. "साहेब", एक पंचवीस. तिन्ही उचललेले नाहीत. वहिनी तो फोन अजून चार्ज करून ठेवते, बंद पडू देत नाही.

त्या साहेबाला मी शिट्टी म्हणते. गळ्यात शिट्टी अडकवून फिरतो म्हणून. त्याचा नंबर मला पाठ आहे. उलटासुद्धा.

८ मार्च, रविवार

समितीत काम करायचं तर प्रशिक्षण सक्तीचं. दिवसभर प्लॅस्टिकच्या खुर्चीत!

नर्सबाईंचा एकच हट्ट — आडून विचारायचं नाही. सरळ विचारायचं, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. न विचारल्यानं माणूस एकटा पडतो. प्रत्येकाला मोठ्यानं म्हणायला लावलं. मास्तरांची काय तारांबळ! शाळेत पस्तीस वर्षं आवाज लावलेला माणूस, आणि इथे — "म्हणजे... तुम्हाला... तसलं काही... म्हणजे नकोसं वगैरे..." नर्सबाई म्हणाल्या, "मास्तर, मुलीला मागणी घालताय का?" सगळे हसले. तिसऱ्या खेपेला जमलं त्यांना. कपाळ पुसत बसले.

माझी पाळी आली. मी खणखणीत म्हणाले. टाळ्या.

मग खुणांची यादी. झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, माणसं टाळणं, जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकणं. मी वहीत उतरवून घेतली. अक्षर छान आलं.

१२ मार्च

दोन भिंती झाल्या. ऊन मी म्हणतंय. प्रायमर लावता लावता वाळतो.

आकडे मी शेवटी काढते. पाट्या रंगवायच्या धंद्यातली बाबांची शिस्त. आणि नंबर तपासायचा तो उलटा, शेवटच्या आकड्यापासून पहिल्याकडे. सुलटा वाचला की डोळा आपल्याला हवं तेच वाचतो, असं बाबा म्हणायचे. बत्तीस वर्षांत माझा एक आकडा चुकलेला नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

म्हणून तर कुणी तपासणार नाही!

१५ मार्च

आईला भिंतींचं कळलं. "घरचं वेशीवर टांगायला निघालीस? पोराला मेल्यावर तरी सुखानं राहू दे!" मी म्हणाले, जिवंतपणी कुणी राहू दिलं? ताट सरकवून उठली. मीही जेवले नाही. हल्ली जेवण तसंही नकोच वाटतं.

१९ मार्च, गुरुवार

सहावी भिंत. झाली!!

दोरा मारला, ओळी आखल्या, मजकूर काढला. पांढऱ्यावर निळा. मग आकडे. हात एकदाही कापला नाही. शिट्टीचा नंबर — हातभर उंच, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असा.

मास्तर तपासायला आले. मागे सरकून, चष्मा वर-खाली करून, अर्धा तास. शेवटी म्हणाले, "'कुणीतरी'तल्या दोन्ही वेलांट्या दीर्घ, बरोबर. पण टिंब जरा बारीक आहे बाई, 'ऐकतंय'वरचं." मी टिंब ठसठशीत करून दिलं. खूश होऊन गेले. नंबराकडे बघितलंसुद्धा नाही!

हल्ली कुणाला कुणाचा नंबर पाठ असतो? फोनमध्ये नावं असतात. आणि शिट्टी रोज संध्याकाळी त्याच भिंतीला पाठ टेकून बसची वाट बघतो. स्वतःच्याच नंबराला पाठ लावून! आज शिडीवरून उतरताना एकटीच हसले. किती महिन्यांनी हसले.

तीन वेळा उचलला नाहीस ना? आता वाजू दे. दिवसभर वाजू दे. रडणाऱ्या माणसांनी तुझे कान भरू देत. घास घशाखाली उतरू नये तुझ्या.

२१ मार्च

बॉर्डर मारायची राहिली, असं निमित्त काढून शिडीवर बसले. साडेपाचला तो आला. पाचच मिनिटांत फोन वाजला. बघितला, कापला. परत वाजला. "कोण पाहिजे? राँग नंबर!" — आणि खिशात कोंबला. गळा आवळल्यासारखा चेहरा.

घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या. गोड लागल्या.

२४ मार्च

आज चार वेळा वाजला. चौथ्याला शिवी हासडली त्यानं. थांब्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या. मजा!

२६ मार्च

आज एकदाच वाजून बंद पडला, तर यानंच परत लावला. कानाला लावून थांब्यामागे गेला, माझ्या शिडीच्या बाजूला. बस आली, गेली. तो तिथेच. काय बोलत होता, ऐकू आलं नाही. माझ्या मनासारखं नव्हतं ते. डोकं उठलं.

२९ मार्च, रविवार

समितीची बैठक. नर्सबाई नेहमीसारख्या बोलायला लागल्या, मग थांबल्या. म्हणाल्या, काल कारखान्याच्या पॅकिंग खात्यातली एक बाई इथे स्वतः चालत आली. म्हणाली, तुमच्या भिंतीवरच्या नंबरावर फोन केला होता. दोन दिवस धीर गोळा करून केला. एक पुरुष खेकसला — राँग नंबर — आणि ठेवला. ती थांब्यावर बसून राहिली. तिला वाटलं, इथेही आपलं कुणी नाही. नशीब, तिची बहीण तेवढ्यात बसमधून उतरली. तिनं चेहरा बघितला आणि घरी नेलं.

"कुणाकडून चुकून असं झालं का?" नर्सबाईंनी फोनवाल्या चौघांना विचारलं. चौघं एकमेकांकडे बघायला लागले. मास्तर तर रडवेले — "मी खेकसत नाही हो कधी."

मी काय केलं? मी म्हणाले, "लाइनीत घोटाळा असेल."

घरी आले आणि भडाभडा ओकले. पोटात काही नव्हतं तरी.

मी फक्त त्याचा फोन वाजवणार होते. वाजवणारी माणसं असतील, हे मला कसं सुचलं नाही? सुचलं होतं. खोटं कशाला लिहू! सुचलं होतं आणि मी म्हणाले होते, असू देत.

३० मार्च

सकाळी सहाला प्रायमरचा डबा घेऊन गेले. शिट्टी उभा होता. भिंतीकडे तोंड करून.

"अक्षर तुमचंच," म्हणाला. "कंपनीच्या गेटावरची पाटीही तुमचीच. मी वायरमनचा—"

"ठाऊक आहे तुम्ही कोण ते."

ओरडेल, पोलिसांत जाईन म्हणेल, असं वाटलं होतं. तयारीत होते मी. पण तो हळूच बोलायला लागला. "पहिल्या बाईला राँग नंबर म्हणालो. मग दोघा-चौघांना शिव्या दिल्या. मग आमच्याच खात्यातल्या एकाचा आला. त्यानं भिंतीवरचा नंबर लावला आणि फोनवर माझंच नाव उमटलं असेल. घाबरून कापला त्यानं. मी परत लावला. काय बोलायचं कळेना, म्हणून जेवलास का विचारलं. तासभर बोलला. माझ्या हाताखाली नऊ वर्षं आहे, मला काही पत्ता नव्हता. त्यानंच दुसऱ्या दिवशी भिंत दाखवली."

मी डब्याचं झाकण उघडत होते. उघडेना.

"तुमच्या भावाचे तीन आले होते," तो म्हणाला. "मी जेवत होतो. फोन उलटा करून ठेवला. सुट्टीच मागणार, म्हटलं."

वर्षभर मी हे वाक्य ऐकायला तडफडत होते. कल्पनेत कितीदा ऐकलं आणि कितीदा त्याच्या मुस्कटात ठेवून दिली. आज समोर ऐकलं आणि माझ्या हातात नुसता ब्रश.

"बाजूला व्हा. शिडी लावायचीय."

"पुसू नका, ताई. लोक लावताहेत. आता मी उचलतो."

ताई! धाकट्याचा शब्द, याच्या तोंडात!

"तुम्हाला उचलायला शिकता यावं म्हणून माझा भाऊ गेला नाही," म्हणाले. ओरडलेच. मी पुसलं. प्रायमरचे दोन हात मारले. त्याच्या नंबराचा मागमूस ठेवला नाही. दुपारी खरा नंबर काढला आणि उलटा वाचून तपासला. तो कामाची वेळ टळली तरी रस्त्यापलीकडे उभाच होता.

पुण्य हवंय मेल्याला! माझ्या भिंतीवर मिळणार नाही.

३१ मार्च

नर्सबाईंना सगळं सांगितलं. आवाज न चढवता बोलल्या, ते जास्त लागलं. "बाटलीवर औषधाचं नाव आणि आत भलतंच! माझ्या वॉर्डात असतीस तर उभी केली नसती तुला." मग म्हणाल्या, "चूक झाली असती तर समजले असते. तू आकडा चुकत नाहीस." पॅकिंगवाल्या बाईकडे त्या स्वतः जाणार आहेत, माझं नाव सांगणार आहेत. सांगा म्हणाले.

दारापर्यंत आले तर मागून — "थांब. तू कशी आहेस?" मस्त, म्हणाले. माझ्याजवळ आल्या. सरळ विचारलं, शिकवतात तसं. "जीव द्यायचा विचार येतो का तुला?"

"छे! काहीतरीच!"

सरळ प्रश्नाला सरळ खोटं.

५ एप्रिल, रविवार

शिट्टी प्रशिक्षणाला आला! पहिल्या रांगेत, वही घेऊन! नर्सबाई म्हणतात, ज्यांनी त्याचा नंबर लिहून घेतला असेल ते अजून त्यालाच लावतील. त्यानं त्यांना केंद्राशी जोडून द्यायचं, आणि जोडून होईपर्यंत फोन ठेवायचा नाही. निदान तेवढं तरी नीट शिकू दे.

पटतं. पटतं म्हणूनच जळफळाट होतो! खुर्ची उचलून बाहेर आले. जिथे तो, तिथे मी नाही. समिती सोडली.

१२ एप्रिल

आईला तपासायला नेलं होतं. दवाखान्यात शेजारच्या बाईनं विचारलं, मुलगा कशानं गेला हो? आई म्हणाली, "हार्—" आणि थांबली. मग म्हणाली, "जीव दिला त्यानं. आजारी होता मनानं. आम्हाला कळलं नाही." ती बाई आईचा हात धरून बसली. तिचा भाचा, म्हणाली. दोघी बोलत राहिल्या, नंबर पुकारला तरी उठेनात.

याच वाक्यासाठी मी आईशी वर्षभर भांडले. आज काही वाटलं नाही मला. बरंही नाही, वाईटही नाही.

१४ एप्रिल

नाही झोप.

१६ एप्रिल

दुकान उघडलं नाही. एका डॉक्टरणीची पाटी अर्धी पडलीय, नाव झालं, वेळ राहिली. हात उचलत नाही.

सूड होता तोवर सकाळी उठायला कारण होतं. डोळे उघडले की आज त्याचा फोन किती वाजेल, हा विचार. आता काय? भिंत पुसली, माणूस शहाणा झाला, आई खरं बोलायला लागली. सगळ्यांचं भागलं. माझं काय काम राहिलं इथे?

१९ एप्रिल

भाचीला माझे तिन्ही गोल ब्रश देऊन टाकले. बाबांचे होते. पोर हरखली. वहिनी म्हणाली, "अहो ताई, हे तुम्ही कुणाला हातसुद्धा लावू देत नव्हता!" तू ठेव, म्हणाले.

येताना यादी आठवली, आठ मार्चची. असू दे.

धाकट्याचा फोन दोन दिवसांसाठी मागून आणला. फोटो बघते म्हणून सांगितलं.

२१ एप्रिल

एक गोष्ट राहिलीय लिहायची. कुठेच लिहिली नाही.

कँटीनमधल्या त्या दिवशी तो कामावरून सरळ माझ्या दुकानात आला होता. मी शिडीवर. म्हणाला, "ताई, त्यांनी माझं नाव फ्यूज ठेवलंय." हसत सांगितलं त्यानं. आणि मी हसले. मी म्हणाले, "मग काय खोटं आहे? ए फ्यूज, तो निळा डबा दे." त्यानं डबा दिला. थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. मी पाटी पुरी केली.

शिट्टीला तीन वेळा फोन केला त्यानं. मला एकदाही नाही. का केला नाही, ते मला ठाऊक आहे.

उद्या शिट्टीला फोन करणार. धाकट्याच्या फोनवरून, त्याच वेळेला. नाव बघून थरकाप उडू दे. मनात आहे नाही ते सगळं ऐकवणार त्याला. मग मी मोकळी. त्यानंतर काय, ते इथे लिहीत नाही.

२२ एप्रिल, बुधवार

एक वाजून दहा मिनिटांनी लावला. शिव्या जिभेवर होत्या.

पहिल्याच रिंगला उचलला. "बोला. मी ऐकतोय."

मागे ताटांचे आवाज येत होते, मग दार लावल्याचा. "घाई नाही," म्हणाला. मग, न अडखळता — "जीव द्यायचा विचार येतोय का?"

"हो," म्हणाले.

"कुठे आहात, ताई?"

"दुकानात."

"नर्सबाईंना निरोप धाडतोय. त्या येईपर्यंत फोन ठेवू नका."

ठेवला नाही.